पुण्यात भाड्याने घर घेताय? तो भाग किती सुरक्षित आहे ते सही करण्याआधी असे तपासा

'वाकड सेफ आहे का?', 'खराडीत एकटीने राहावं का?' पुण्यात नव्याने येणारे हे हमखास विचारतात आणि सांगणाराही एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो. पण एकाच वाकडमध्ये गेटवर दोन वॉचमन असलेली चारशे फ्लॅटची सोसायटी असते, तिच्या भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्या असतात आणि पुढच्या वळणावर दिवे नसलेला अर्धवट रस्ताही असतो. या तिन्ही ठिकाणांना एकच उत्तर लागू पडत नाही.

म्हणून आधी प्रश्न फोडून घ्या. तुमची दुचाकी रात्री कुठे उभी राहणार? घर दिवसातले किती तास बंद असणार? घरातले कोण, किती वाजता, कुठून चालत येणार? दिवसभर घरी एकटे कोण असणार? नवराबायको दोघेही नोकरीला जात असतील तर दिवसाची घरफोडी ही त्यांची खरी चिंता. रात्रपाळी असेल तर स्टॉपपासून गेटपर्यंतचे पाच-सहाशे मीटर महत्त्वाचे. आईवडील सोबत असतील तर त्यांचा सकाळी फिरायला जायचा रस्ता. उरलेली सगळी तपासणी ही उत्तरे समोर ठेवूनच करायची.

पहिले काम: हद्द कोणाची

बोलताना आपण सरसकट 'पुणे' म्हणतो, पण पोलीस आयुक्तालये दोन आहेत. पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळे झाले. वाकड, हिंजवडी, रावेत तिकडे. कोथरूड, बाणेर, खराडी, हडपसर पुणे शहराकडे. पोलिसांची हद्द आणि महापालिकेची हद्द जुळेलच असेही नाही. हिंजवडीचा कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीकडे, पोलीस ठाणे मात्र पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. म्हणजे रस्त्यावरच्या बंद दिव्याची तक्रार एकीकडे आणि चोरीची दुसरीकडे.

एजंट सांगेल ते पोलीस ठाणे खरे धरू नका. जवळच्या चौकीत जाऊन सोसायटीचे नाव सांगा आणि 'ही आपल्याच हद्दीत येते ना?' एवढेच विचारा. हे विचारून घेण्याचे आणखी एक कारण आहे. २०२४ मध्ये पुणे शहरात बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ, आंबेगाव आणि नांदेड सिटी अशी सात नवी ठाणी झाली. चतुःशृंगीतून बाणेर निघाले, चंदननगरमधून खराडी. त्यामुळे जुन्या ठाण्याचा गुन्ह्यांचा आकडा एकदम खाली आलेला दिसला तर भाग सुधारला असे समजू नका. अर्धी हद्दच दुसरीकडे गेलेली असू शकते.

दुसरे काम: एफआयआर वाचा

हे जवळजवळ कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त कळते ते इथेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे बहुतेक एफआयआर पोलिसांना संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' हा विभाग आहे. तिथे तारखा टाका, जिल्ह्याच्या जागी आयुक्तालय निवडा, मग पोलीस ठाणे. एका वेळी पंधरा-वीस दिवसच घ्या. मुदत मोठी घेतली की यादी लांबते आणि पान अडकते. असे करत मागचे तीन महिने बघा, आणि जमल्यास दिवाळीचा किंवा मे महिन्याच्या सुटीचा काळ वेगळा काढून बघा, कारण घरे तेव्हाच ओस पडतात.

यादीत फक्त कलमांचे आकडे दिसतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गुन्ह्यांना नवी कलमे लागतात. राहण्याच्या दृष्टीने कामाची एवढीच:

- ३०३(२): साधी चोरी. दुचाकी चोरीचे बहुतेक गुन्हे इथे सापडतात.
- ३०४(२): हिसकावून पळणे, म्हणजे मंगळसूत्र, साखळी, हातातला मोबाइल. असेच काही गुन्हे ३०९(४) म्हणजे जबरी चोरीखालीही नोंदवलेले असतात, तेव्हा दोन्ही बघा.
- ३०५: राहत्या घरातून चोरी. दार उघडे होते, खिडकीतून हात घालून मोबाइल उचलला, असे प्रकार.
- ३३१(३) आणि ३३१(४): घरफोडी. पहिले दिवसाचे, दुसरे सूर्यास्तानंतरचे.
- ११८(१): हत्याराने दुखापत. सोबत आर्म्स अ‍ॅक्ट ४(२५) असेल तर बहुतेक वेळा कोयता.

यादीत ३१८(४) भरपूर दिसेल, आयटीवाल्या भागांत तर फारच. ती फसवणूक. ऑनलाइन शेअर ट्रेडिंगच्या नावाने लुबाडलेला माणूस खराडीत राहतो म्हणून गुन्हा खराडीत नोंदवला जातो. खराडीच्या रस्त्याशी त्याचा काही संबंध नाही. सासरच्या छळाचे ८५ आणि अपघातातल्या मृत्यूचे १०६(१) हेही बाजूला ठेवा. ही गाळणी न लावता नुसते एकूण गुन्हे मोजणाऱ्याला बाणेर भयंकर वाटेल.

आता घरफोडीची आणि चोरीची पाच-दहा पीडीएफ उघडा. फिर्यादीची हकिकत नंतर वाचा. आधी रकाना ३ आणि रकाना ५. तिसऱ्यात गुन्हा कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंतच्या काळात घडला ते असते. शुक्रवार रात्री आठ ते रविवार रात्री साडेनऊ अशी वेळ दिसली की समजायचे, मंडळी गावाला गेली होती. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असेल तर नोकरदारांचे बंद घर. पाचव्यात ठाण्यापासूनची दिशा, अंतर, बीट (म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा विभाग) आणि पत्ता. हे पत्ते मोबाइलच्या नकाशावर खुणा करून ठेवले की वीस-पंचवीस नोंदींत चित्र दिसू लागते: अमुक रस्त्यालगतची विनालिफ्टची तीन मजली घरे, तमुक मेट्रो स्टेशनबाहेरचे दुचाकी पार्किंग. तुमची सोसायटी त्या पट्ट्यात आहे की नाही, हे 'एरिया चांगला आहे' या वाक्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे.

पोर्टलवर काय नसते तेही ध्यानात असू द्या. लैंगिक अत्याचाराच्या आणि बालकांवरच्या गुन्ह्यांच्या एफआयआर टाकत नाहीत. अदखलपात्र तक्रारी, म्हणजे ठाण्यात 'एनसी' म्हणतात त्या, इथे येत नाहीत. आणि चोरीला गेलेले कितीतरी मोबाइल लोक 'गहाळ' म्हणूनच नोंदवतात, कारण नव्या सिमकार्डसाठी तेवढा कागद पुरतो. म्हणून मोबाइलचोरी आणि छेडछाड या दोन गोष्टींसाठी कागदावर विसंबू नका. या गोष्टी तिथल्या माणसांना विचारूनच कळतात.

आकड्यांशी खेळताना

एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, वार्षिक अहवाल बातम्यांत येतो तेव्हा 'पुणे अमक्या क्रमांकावर' असे मथळे दिसतात. तो अहवाल २० लाखांहून मोठ्या १९ शहरांची तुलना करतो. त्यात ठाणेवार काहीच नसते. शिवाय महानगरांचा दर लाख लोकसंख्येमागचा आकडा काढताना २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरलेली असते. त्यानंतर पुण्यात किती माणसे आली हे कोणत्याही रिक्षावाल्याला ठाऊक आहे. जुन्या, लहान संख्येने भागले की दर फुगतो. आणि एका एफआयआरमध्ये चार कलमे असली तरी मोजणीत सगळ्यात गंभीर कलमच धरले जाते. घर निवडायला हा अहवाल निरुपयोगी आहे.

दोन ठाण्यांची तुलना करायचीच असेल तर सारखाच काळ, तेच कलम आणि घरांचा अंदाज, एवढे पुरे. समजा एका हद्दीत तीन महिन्यांत २४ घरफोड्या झाल्या आणि घरे साधारण ६० हजार. वर्षाच्या ९६, म्हणजे हजार घरांमागे १.६. दुसरीकडे तीन महिन्यांत १२ झाल्या, पण घरे २० हजारच, तर हजारी २.४. निम्मा आकडा असूनही धोका जास्त. घरांची संख्या काटेकोर मिळणार नाही. अंदाजात एकच पद्धत दोन्हीकडे वापरली तर तुलना चालते. वर्षभराचे ठाणेवार आकडे हवे असतील तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येतात. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच मुद्द्यावर परत येतो. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तेव्हा घर घाईचे असेल तर या फंदात पडू नका.

तिसरे काम: तीन वेळा चालून या

एजंट शनिवारी सकाळी अकराला घर दाखवतो. त्या वेळी सगळेच भाग छान दिसतात. तुम्ही स्वतः कामाच्या दिवशी रात्री साडेआठला, मग अकराच्या पुढे आणि एखाद्या दुपारी दोन ते चार या वेळात जा. पहिल्या दोन वेळा गाडी बसस्टॉपजवळ किंवा मेट्रो स्टेशनजवळ लावून गेटपर्यंत चालत.

रात्री बघायचे ते असे. सलग दोन खांबांवरचे दिवे बंद आहेत का? एक दिवा गेला तर कोणीतरी तक्रार करतो. दोन-तीन सलग गेलेले म्हणजे महिनोन्‌महिने कोणाचे लक्ष नाही. साडेदहानंतर उघडे काय असते? मेडिकल, दूधडेअरी, आइस्क्रीमची गाडी असेल तर रस्त्यावर डोळे असतात. फक्त परमिट रूम आणि पानटपरी असेल तर गर्दी असते, पण ती तुमच्या कामाची नसते. रिकाम्या प्लॉटला पत्रे लावलेत की तो मोकळा आहे? पदपथ पार्किंगने खाल्ला असेल तर चालणारा रस्त्याच्या कडेने जातो आणि साखळीचोराची दुचाकी नेमकी त्या कडेनेच येते.

दुपारची फेरी गेटसाठी. हातात एखादे पार्सल घेऊन आत जा आणि वॉचमन अडवतो का ते बघा. वहीत नाव लिहून घेतो, पण फ्लॅटवर फोन करून विचारतो का? वही असून न विचारणे म्हणजे नुसता सोपस्कार.

कोणाला आणि काय विचारायचे

'सेफ आहे का' असे विचारले की 'हो, एकदम' असेच उत्तर येते. आपल्या भागाला नावे कोण ठेवील? घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा. इस्त्रीवाल्याला: 'या लायनीत मागच्या वर्षात कोणाची गाडी गेली का?' मेडिकलवाल्याला: 'तुम्ही शटर किती वाजता ओढता? आधी जास्त वेळ उघडं असायचं का?' भाजीवाल्या मावशींना: 'रात्री घरी कोणत्या रस्त्याने जाता? हा जवळचा का नाही घेत?' शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही अहवालात मिळत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र शेवटी विचारा, कारण तिथे भाव पडण्याची भीती असते.

चौथे काम: फ्लॅट बघताना

पुण्यात बंद फ्लॅट फोडण्याची बातमी वर्षानुवर्षे एकाच शब्दांत येते: 'कडी-कोयंडा उचकटून'. तेव्हा सुरुवात तिथूनच. बाहेरून कोयंडा आणि त्याला लोंबणारे कुलूप, ही घरात कोणी नसल्याची पाटी आहे. शिवाय कोयंडा अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंवर बसवलेला असतो. कुलूप कितीही भारी असो, कटावणी घातली की स्क्रूंसकट कोयंडा निघतो. उपाय दोन. दारात आत बसणारे, बाहेरून फक्त किल्लीचे छिद्र दिसणारे कुलूप लावा. नाहीतर कोयंडा दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टने, आतून नट आवळून बसवा.

लॅच असेल तर ते नीट बघा. दार ओढल्यावर आपोआप लागणारी जीभ तिरकी असते आणि फटीतून पातळ पट्टी सरकवली की मागे जाते. किल्ली फिरवल्यावर बाहेर येणारा चौकोनी बोल्ट तसा सरकत नाही. म्हणून बाहेर पडताना दार नुसते ओढू नका, किल्ली फिरवा. चौकटीतली पट्टीही तपासा. तिचे स्क्रू आखूड असतील तर दोन इंची घाला. आणि राहायला आल्या दिवशी कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, बदला. आधीच्या भाडेकरूंच्या, रंगाऱ्याच्या, एजंटच्या हातात किती किल्ल्या फिरल्या हे मालकालाही माहीत नसते. काम अर्ध्या तासाचे. मालकाला आधी सांगा आणि जुना सिलिंडर जपून ठेवा.

सेफ्टी डोअरच्या बाहेरच्या कडीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चोरटे एक फ्लॅट फोडण्याआधी मजल्यावरच्या बाकीच्या दारांना बाहेरून कड्या लावतात, म्हणजे आवाज ऐकूनही कोणी बाहेर येत नाही. ती कडी काढून टाका.

मग ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघरालगतची धुण्याभांड्यांची जागा. बहुतेक फ्लॅटमध्ये तिला ग्रिल नसते आणि ती डक्टकडे उघडते, जिथे सांडपाण्याचे पाइप गच्चीपर्यंत गेलेले असतात. पहिला-दुसरा मजला आणि गच्चीखालचा शेवटचा, हे दोन्ही सोपे. स्लायडिंग खिडकीची काच उचलून खाचेतून निघते का बघा. निघत असेल तर वरच्या खाचेत एक स्क्रू मारला की पुरे.

पार्किंगमध्ये कॅमेरे मोजण्यात अर्थ नाही. बारा फुटांवरच्या कॅमेऱ्यात टोपी दिसते, चेहरा नाही. वॉचमनला विचारा, रेकॉर्डिंग किती दिवसांचे राहते आणि डीव्हीआरचे (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ बरोबर आहे का. गावाहून पंधरा दिवसांनी परत येईपर्यंत आधीचे पुसले गेले असेल तर कॅमेरा असून नसल्यासारखा.

कागद

करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणेही मालकाचे काम. ती ऑनलाइन भरता येते. 'मी करतो नंतर' म्हटले तर भरल्याची पोच स्वतःच्या मेलवर मागून घ्या.

पहिल्या आठवड्यात

दुचाकी रात्री आतच लावा. जागाच नसेल तर हँडल लॉकवर विसंबू नका. तो पायाच्या एका धक्क्याने मोडतो. ब्रेकच्या डिस्कला वेगळे कुलूप लावा आणि गाडी खांबाखाली, दिव्याच्या उजेडात ठेवा. बंद दिव्याची तक्रार महापालिकेच्या अ‍ॅपवर करताना खांबावर रंगवलेला क्रमांक टाका, नाहीतर 'जागा सापडली नाही' म्हणून तक्रार बंद होते.

सोने बँकेच्या लॉकरमध्ये. कपाटाची चावी कपाटावर किंवा गादीखाली ठेवण्याची आपली पद्धत चोरट्यांना पाठ आहे.

घरी ज्येष्ठ असतील तर त्यांना एक प्रकार नीट समजावून सांगा. साध्या वेशातला माणूस ओळखपत्रासारखे काहीतरी दाखवून म्हणतो, 'आजी, पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून पिशवीत ठेवा.' दुसरा साथीदार समोरच आपली साखळी काढून देतो, म्हणजे विश्वास बसतो. मग कागदाची पुडी बांधून हातात देतात. घरी उघडली की दगड. खरे पोलीस रस्त्यात कोणालाही दागिने काढायला लावत नाहीत. असे कोणी म्हटले की जवळच्या दुकानात शिरायचे आणि ११२ लावायचा.

११२ सगळ्यासाठी चालतो. ऑनलाइन पैसे गेले तर मात्र १९३०, आणि तोही लगेच. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता आले तरच मिळतात.

घडलेच तर

दार फोडलेले दिसले तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. ११२ लावा, शेजाऱ्यांना उठवा. कपाट, कुलूप, पडलेल्या वस्तू यांना हात लावला की ठसेतज्ज्ञांना तुमचेच ठसे मिळतात. पंचनामा होईपर्यंत आवराआवर नको. सोसायटीचे रेकॉर्डिंग त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि डीव्हीआरचे घड्याळ किती मिनिटे पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. दागिन्यांची पावती नसेल तर लग्नातला फोटो, वजन आणि घडण सांगा. 'अंदाजे काही दागिने' असे फिर्यादीत गेले तर पुढे मुद्देमाल सापडूनही ओळख पटवताना अडते.

ठाणे 'आमची हद्द नाही' म्हणाले तर हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून मग वर्ग करता येतो; याला झिरो एफआयआर म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. ऑनलाइन फिर्याद दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. सही करण्याआधी वेळ, पत्ता आणि वस्तूंची यादी वाचून घ्या. नोंदवायला नकारच मिळाला तर वरिष्ठ निरीक्षकांना भेटा, तिथेही नाही झाले तर उपायुक्तांकडे लेखी पाठवा आणि पोच ठेवा.

गाडी गेली असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, उशिरा कळवल्यावरूनच बरेच दावे अडतात. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात 'अ' समरी अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. त्या अहवालाची प्रत मिळेपर्यंत पैसे निघत नाहीत, आणि ती आपोआप घरी येत नाही. तपास अधिकाऱ्यांचे नाव आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक लिहून ठेवून दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारावे लागते.